नवी चाल आणि जुना कान : मराठी श्रोत्याच्या इतिहासाचा एक विचार

१

मराठी संगीताचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो मुख्यतः गायकांचा, नटांचा, रचनाकारांचा आणि घराण्यांचा आहे. श्रोता त्यात येतो तो टाळ्या देणारा किंवा पाठ फिरविणारा समुदाय म्हणून. परंतु संगीतात पालट घडवून आणणे हे केवळ रचनाकाराच्या हाती नसते. तो पालट कोणीतरी ऐकून स्वीकारावा लागतो. हा स्वीकार करणाऱ्यांत सर्वांत अवघड जागी उभा असतो तो वयाने पुढे गेलेला श्रोता. तरुणाला नवे संगीत नवे म्हणून भेटतच नाही. त्याच्या दृष्टीने ते पहिलेच संगीत असते. ज्याचा कान अगोदर दुसऱ्या संगीतावर घडलेला आहे, त्याला मात्र ते शिकावे लागते. असा श्रोता नव्याबरोबर कसा चालला, कोठे थांबला आणि कशामुळे थांबला, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी १८८० मधील ‘संगीत शाकुंतल’पासून १९६७ मधील ‘कट्यार काळजात घुसली’पर्यंतचा काळ मुख्यत्वे विचारात घेतला असून शेवटी आजच्या स्थितीकडे एक दृष्टिक्षेप टाकला आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. पहिले असे, की वयाबरोबर कान कठीण होतो. वाढत्या वयात उंच स्वर ऐकण्याची शक्ती क्षीण होते, हे वैद्यकशास्त्रास मान्यच आहे. पण ज्या कानाला नवे गाणे गोंगाट वाटते, त्याच कानाला तरुणपणीचे गाणे त्याच दिवशी गोड लागते. तेव्हा दोष श्रवणेंद्रियाचा म्हणता येत नाही. दुसरे उत्तर असे, की संगीतच बिघडले. हे उत्तर प्रत्येक पिढीने दिले आहे आणि प्रत्येक पिढीने ते देताना ज्या संगीताचा आदर्श म्हणून दाखला दिला, ते संगीत तिच्या आधीच्या पिढीला नवखेच होते. १९११ साली जे नवे होते, ते पन्नास वर्षांनी जुने सोने ठरले. म्हणून या उत्तरानेही फारसे साधत नाही.

अलीकडील संशोधनाने या बाबतीत एक उपयुक्त निरीक्षण पुरविले आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पाहणीत निरनिराळ्या वयाच्या श्रोत्यांना १९३२ ते १९८६ या काळातील लोकप्रिय गीते ऐकविली. ज्या गीताच्या काळी श्रोत्याचे वय सुमारे तेवीस-चोवीस होते, त्या गीताकडे त्याचा ओढा सर्वाधिक आढळला. पाहणी लहान आणि एकाच देशातील होती. तिच्यावर फार मोठा इमला रचू नये. तथापि घरोघरीच्या अनुभवाशी ती जुळते.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. त्या शास्त्रात याच्याशी समांतर अशी एक गोष्ट परिचित आहे. मनुष्याचे उच्चार आणि व्याकरण बाल्यात व तारुण्यात ठरून जाते. शब्दसंग्रह मात्र मरेपर्यंत वाढत राहतो. प्रौढपणी शिकलेली दुसरी भाषा जन्मभाषेच्या वळणाने बोलली जाते, पण ती शिकता येते. ती कोण शिकतो? ज्याला ती वरचेवर कानी पडते, ज्याला तिची गरज आहे आणि जो तिला आपल्या भाषेच्या आधाराने समजून घेऊ शकतो, तो. वयाइतकेच, किंबहुना वयाहून अधिक, महत्त्व या तीन सोयींना आहे. संगीताच्या बाबतीतही हेच खरे असावे, आणि मराठी श्रोत्याचा इतिहास हा या सोयींच्या भरती-ओहोटीचा इतिहास म्हणून वाचता यावा, असे आम्हांस वाटते.

२

पहिली सोय म्हणजे ओळखीचा आधार. तिचा पुरावा जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पानोपानी आढळतो. पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ हा शब्द असतो आणि त्यापुढे दुसऱ्या एखाद्या गाण्याचे पहिले शब्द. अर्थ असा, की हे नवे पद त्या माहीत असलेल्या गाण्याच्या सुरावटीवर म्हणावे. वाचकाला आणि हौशी गवयाला तेवढी खूण पुरेशी होती.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा प्रयोग केला, तेव्हा त्यातील नवेपणा थोडा नव्हता. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी सुरू केलेल्या परंपरेत पदे सूत्रधार म्हणत असे. किर्लोस्करांच्या नाटकात दुष्यंत आणि शकुंतला स्वतः गाऊ लागली. भाव्यांच्या नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला हा मोठाच पालट होता. पण तो त्याने पेलला, कारण पात्राच्या मुखी जे येत होते, ते त्याच्या कानाला परके नव्हते. साकी, दिंडी, कामदा, कीर्तनातील पदे, लावणी, स्त्रियांची गाणी, आणि किर्लोस्करांच्या जन्मप्रदेशातून आलेल्या कानडी चाली, असा तो संभार होता. त्यातला बराच भाग देवळात, माजघरात किंवा फडावर आधीच ऐकलेला. रीत नवी, चाल जुनी, अशी ही जोडणी होती.

ही जोडणी पहिल्यांदा सैल झाली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनया’त (१८९६). पारशी व गुजराती रंगभूमीवरील चाली त्यांनी मराठी पदांना दिल्या. ‘चाल’ हा शब्द पदावर राहिलाच, पण त्याने ज्या गाण्याकडे बोट दाखवावयाचे, ते सर्वांच्या घरातले राहिले नाही; मुंबईच्या नाटकगृहातले झाले. मुंबईच्या तरुणास ती खूण कळे. घाटावरच्या गावी राहणाऱ्या वृद्ध प्रेक्षकास ती कळण्याचा संभव कमी. तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, देवलांच्या ‘शारदे’ने पुन्हा साध्या, घरगुती वळणाच्या चालींचा आश्रय केला. या दोन नाटकांकडे प्रतिभेच्या दोन प्रकृती म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. श्रोत्याच्या बाजूने पाहिले, तर ती दोन वेगळ्या कानांसाठी लिहिलेली नाटके होती, असेही म्हणता येईल.

यानंतरचा पालट याहून मोठा. १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या; त्यांत पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याची लय आली. १९१६ मध्ये गंधर्व मंडळीच्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि ख्यालाच्या बंदिशी मराठी शब्द लेवून नाटकात उतरल्या. छापील प्रतीतील खूणही आता पालटली. पदाच्या डोक्यावर राग आला, ताल आला, आणि ‘चाल’पुढे एखाद्या हिंदी चिजेचे शब्द आले. ज्याला ती चीज ठाऊक, त्याला ही खूण पूर्वीपेक्षा नेमकी होती. ज्याला ठाऊक नव्हती, त्याच्यापुढे ते दार बंद होते. साकी-दिंडीवर वाढलेला साठीचा प्रेक्षक आणि ‘स्वयंवर’ यांच्यामध्ये पूर्वीचा पूल उरला नव्हता.

३

तरीही ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ घराघरांत पोचली. वृद्धांच्याही ओठी गेली. येथे दुसरी सोय पुढे येते, ती म्हणजे पुनरावृत्ती. एखादी गोष्ट वारंवार समोर आल्यानेच ती अधिक आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ झायन्स याने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखविले. मराठी नाटकगृहाने हे तत्त्व त्यापूर्वी कित्येक वर्षे आचरणात आणले होते. त्याचे नाव ‘वन्समोर’. पद संपले, की प्रेक्षकांनी पुन्हा मागावे आणि नटाने ते निराळ्या अंगाने पुन्हा गावे. नाट्यदृष्टीने हा प्रघात रसभंग करणारा, म्हणून त्याच्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण श्रोत्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने पाहता, ज्या काळी गाणे साठवून ठेवण्याचे साधन सर्वांपाशी नव्हते, त्या काळी तेच पद एका रात्रीत दोनदा-तीनदा ऐकावयास मिळणे ही मोठीच गोष्ट होती. पहिल्या वेळी परका वाटलेला आलाप तिसऱ्या वेळी अपेक्षित होऊन बसतो.

नाटकगृहाबाहेर हेच काम पेटीने केले. हार्मोनियम घरात आली, तिच्याबरोबर पदेही आली. मुलगी पेटीवर पद बसवीत असली, म्हणजे ओसरीवर बसलेल्या आजोबांना ते महिनाभर ऐकणे भागच पडे. मग ग्रामोफोन आला. हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यास आरंभ झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत मराठी गायक-नटांच्या तबकड्या घराघरांत दिसू लागल्या. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची; त्यामुळे गाणे आटोपशीर झाले आणि तेच ते, हुबेहूब तसेच, हवे तितक्यांदा ऐकता येऊ लागले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पेटी, तबकडी आणि पुढे रेडिओ ही सर्व साधने घराच्या मध्यभागी होती. गाणे कोणी एकाने लावले, तरी ऐकावे सर्वांना लागे. तरुणाची आवड वृद्धाच्या कानावर आपोआप पडे आणि वृद्धाची तरुणाच्या. यात रुसवेफुगवे असत, ‘बंद करा ते’ असेही म्हटले जाई. पण भाषेच्या दृष्टान्ताने सांगावयाचे, तर दोन्ही पिढ्या एकाच भाषिक समाजात राहत होत्या.

४

तिसरी सोय बाहेरून मिळत नाही. ती ज्याची त्याने निर्माण करावी लागते. प्रौढ वयात शिष्यत्व पत्करण्याची तयारी, हे तिचे स्वरूप. या बाबतीत गायक आणि श्रोता यांच्यातील सीमारेषा फार पुसट आहे, कारण शिकणारा गायक हा प्रथम श्रोताच असतो.

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे उदाहरण बोलके आहे. बालपणी किर्लोस्कर मंडळीत नट, पुढे फैज महंमद खाँ आणि नत्थन खाँ यांच्याकडे तालीम, आणि नावलौकिक मिळाल्यानंतर पुन्हा अल्लादिया खाँसाहेबांकडे शिष्यत्व. अल्लादिया खाँची गायकी त्यांच्या आधीच्या दोन्ही तालमींहून लयीच्या आणि रागाच्या हिशेबात निराळी. ज्याची मैफल रंगते आहे, अशा गवयाला नव्याने शिकण्याची व्यावहारिक गरज नव्हती. त्यांनी ते केले, आणि एका तऱ्हेचा अभिमान दुसऱ्या तऱ्हेच्या आड येऊ दिला नाही, यातच त्यांचे वैशिष्ट्य आहे.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे दुसरे उदाहरण. ‘मानापमाना’च्या चाली देणारा हा पेटीवादक आणि रचनाकार १९३२ मध्ये, पन्नाशी गाठल्यावर, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्र म्हणून उभा राहिला आणि त्याचे संगीतही त्यानेच दिले. बोलपटाचे गाणे नाटकातल्या पदासारखे फुलविता येत नाही. त्याला वेळेची, चित्राची आणि यंत्राची शिस्त असते. ही शिस्त टेंब्यांनी नव्याने आत्मसात केली.

त्यांचेच सहकारी बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्म्या’त संत एकनाथांची भूमिका केली, पण बोलपटात ते रमले नाहीत; पुन्हा रंगभूमीकडे वळले. याला अपयश म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. समोरच्या प्रेक्षकाच्या दादेवर उमलणारी, वन्समोरागणिक नवे अंग दाखविणारी त्यांची गायकी आणि तीन मिनिटांचे चित्रगीत यांचा स्वभावच जुळणारा नव्हता. त्यांनी नव्याची चव घेतली आणि आपले जुने निवडले. न ऐकता नाकारणे आणि ऐकून नाकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाढत्या वयाच्या श्रोत्याला दुसऱ्या गोष्टीचा पूर्ण अधिकार आहे. किंबहुना नव्या संगीताला खरा परीक्षक मिळतो, तो असाच.

केवळ श्रोता म्हणून हे साधणाऱ्यांत वामनराव हरी देशपांडे (१९०७–१९९०) यांचा उल्लेख आवश्यक आहे. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या या गृहस्थांनी किराणा व जयपूर या दोन्ही घराण्यांची तालीम घेतली आणि १९६१ मध्ये ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ लिहिला. जयपूर गायकीविषयी त्यांचा पक्षपात उघड होता. तरीही घराण्यांच्या चौकटी न मानणाऱ्या कुमार गंधर्वांचे गाणे त्यांनी आस्थेने ऐकले आणि त्यावर विचारपूर्वक लिहिले. स्वतः कुमारांनीही ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमाद्वारे आपल्यापूर्वीच्या पिढीचे गाणे आपल्या तऱ्हेने ऐकून दाखविले. नव्याकडे जाणारा जुना आणि जुन्याकडे जाणारा नवा, दोघांचेही साधन एकच, ते म्हणजे लक्षपूर्वक श्रवण.

५

व्यक्तीने नकार दिला, तर तिचे तीच काय ते गमावते. नकाराच्या हाती सत्ता आली, म्हणजे काय होते, याचे उदाहरणही आपल्या इतिहासात आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी केली. ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे स्वर ठरीव, तिच्यातून मींड आणि श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. पण या वाद्याने दोन पिढ्यांच्या घरांत संगीत नेले होते, ही बाजू त्या निर्णयात आली नाही.

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या आरंभीच्या काळात चित्रपटगीतांचे प्रक्षेपण आकाशवाणीवरून जवळजवळ थांबले. केसकर शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. संस्थाने विलीन झाल्याने निराश्रित झालेल्या गायक-वादकांना आकाशवाणीचा आधार मिळाला, अखिल भारतीय संगीत कार्यक्रम सुरू झाले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण चित्रगीते बंद झाल्याने श्रोत्यांचा कान शास्त्रीय संगीताकडे वळला नाही. त्यांच्या रेडिओचा काटा मात्र सिलोनकडे वळला. १९५२ च्या अखेरीस तेथून सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ देशभर ऐकली जाऊ लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

याच धोरणाची दुसरी बाजू मात्र फलद्रूप झाली. चित्रगीताऐवजी काही द्यावयाचे, म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताच्या निर्मितीला उत्तेजन दिले, आणि त्या वातावरणात १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक गीत, असा तो वर्षभराचा क्रम होता. आपण वर पाहिलेल्या तिन्ही सोयी येथे एकत्र आल्या, हे लक्षणीय आहे. भावगीताचे वळण वृद्धांना नवे होते, पण कथा रामाची आणि बाज कीर्तनाच्या जवळचा. एकच गीत आठवड्यात पुन्हा प्रक्षेपित होत असल्याने ते कानात बसे. रेडिओभोवती घरातील सर्व पिढ्या एकत्र बसत. ‘गीतरामायणा’च्या यशाची कारणे काव्यात आणि स्वररचनेत शोधली जातात, ते योग्यच आहे, पण श्रवणाची ही व्यवस्थाही त्या कारणांत धरली पाहिजे.

पुढच्या दशकात जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांच्या संगीताने नाट्यपदाला आटोपशीर रूप दिले. गंधर्वकाळावर पोसलेल्या श्रोत्याला त्यात रागदारीची ओळख पटली आणि रेडिओवर वाढलेल्या तरुणाला भावगीताची. २०१५ मध्ये ‘कट्यार’ चित्रपटरूपाने आली, तेव्हा अभिषेकींच्या चालींबरोबर शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली ऐकू आल्या आणि अनेक घरांत आजी व नात एकाच चित्रगृहात बसल्या. ‘चाल’ ही जुनी खूण जणू निराळ्या रीतीने परत आली होती.

६

आजची स्थिती या पार्श्वभूमीवर पाहावयाची. साधनांची उणीव आज मुळीच नाही. कोणत्याही काळचे कोणतेही गाणे खिशातल्या यंत्रावर क्षणात मिळते. पुनरावृत्ती फुकट झाली आहे. मग अंतर का वाढल्यासारखे वाटते? आमच्या मते त्याचे कारण गाण्यात शोधण्यापूर्वी श्रवणाच्या जागेत शोधावे. गाणे घराच्या मध्यभागातून निघून एकेकाच्या कानात गेले आहे. इअरफोन लावलेल्या नातवाचे गाणे शेजारच्या खुर्चीवरील आजोबांना ऐकू येत नाही, आणि आजोबांच्या यंत्रावर त्यांना पूर्वी आवडलेल्या गाण्यासारखेच पुढचे गाणे आपोआप येऊन उभे राहते. दोघांचीही आवड अबाधित राहते; संपर्क मात्र तुटतो. ज्या दोन समाजांचा संपर्क तुटतो, त्यांच्या बोली हळूहळू एकमेकींना दुर्बोध होतात, हा भाषेचा नियम येथेही लागू पडावा.

ओळखीचा आधार मात्र अजून पूर्ण गेलेला नाही. ‘सैराट’च्या (२०१६) संगीतात अजय-अतुल यांनी ग्रामीण ठेक्यांना लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित केलेल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाची जोड दिली. ज्या वृद्धाने जत्रेत हलगी ऐकली आहे, त्याला या गाण्यांत शिरण्यास एक दार उघडे आहे. ते त्याला कोणी दाखविले पाहिजे, किंवा त्याने ते विचारले पाहिजे. ‘हे काय लावले आहेस?’ हा प्रश्न दोन स्वरांत विचारता येतो. एका स्वरात तो तक्रार असतो, दुसऱ्या स्वरात जिज्ञासा. शब्द तेच असतात.

या विवेचनावरून पुढील संशोधनाची एक दिशा सुचवावीशी वाटते. किर्लोस्करांपासून गंधर्वकाळापर्यंतच्या नाटकांच्या सर्व आवृत्त्यांतील ‘चाल’च्या खुणा एकत्र करून त्यांचे कालानुक्रमे वर्गीकरण केल्यास, रचनाकारांनी आपल्या श्रोत्याला कोणकोणते संगीत ठाऊक आहे असे गृहीत धरले होते, याचा नकाशा मिळू शकेल. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हे काम अंगावर घ्यावे. वाढत्या वयाचा श्रोता नव्या संगीताबरोबर राहतो की मागे पडतो, हे त्याच्या एकट्याच्या रसिकतेवर ठरत नाही. त्याला कोणती खूण, किती वेळा आणि कोणाच्या संगतीत मिळाली, यावर ते बरेचसे अवलंबून असते. खुणा देण्याचे काम पूर्वी नाटककार करीत असत. ते आता कोण करणार, हा प्रश्न संगीतज्ञांइतकाच घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि मुलांचाही आहे.